डिबगरचे रंगीत आउटपुट आणि त्रुटी-हाताळणीची चाचणी : एक विवेचन

प्रस्तावना

दादर किंवा परळ स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकास लोहमार्गावरील लाल, पिवळा आणि हिरवा दिवा परिचयाचा असतो. भारतातील पहिले स्वयंचलित रंगीत दीपसिग्नल ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ मध्ये तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या टप्प्यात सुरू केले. या व्यवस्थेतील रंगांइतकाच महत्त्वाचा भाग प्रवाशाला सहसा ठाऊक नसतो. सिग्नलचा दिवा विझलेला असल्यास किंवा तो संदिग्ध दिसत असल्यास मोटरमनने काय करावे, हे नियमाने आधीच ठरवून ठेवलेले असते. अशा वेळी तो सिग्नल आपला सर्वांत कडक संकेत दाखवीत आहे असे मानावयाचे असते. रंग हा संदेशाचा वाहक आहे आणि वाहक बंद पडला तर काय करावे याचा निर्णय बिघाडापूर्वीच झालेला असला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

संगणकशास्त्रात हाच प्रश्न डिबगर या साधनाच्या संदर्भात उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात डिबगरच्या रंगीत आउटपुटमध्ये कोणते बिघाड संभवतात, ते कसे हाताळावेत आणि त्या हाताळणीची चाचणी कशी घ्यावी, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही विषय समजावा म्हणून तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे.

डिबगर व रंगाची योजना

डिबगर म्हणजे चालू प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून त्यातील चलांच्या किमती तपासू देणारे आणि प्रोग्राम कोठे व का कोसळला हे दाखविणारे साधन. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा डिबगर सी व सी प्लस प्लस या भाषा शिकविणाऱ्या प्रयोगशाळांत आजही वापरला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ८.३ या आवृत्तीपासून फाइलचे नाव, फंक्शनचे नाव, मेमरीतील पत्ता आणि मूळ प्रोग्रामच्या ओळी वेगवेगळ्या रंगांत दिसू लागल्या. पायथॉनच्या ३.१३ या आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, त्रुटीसंदेशही मुळातच रंगीत येऊ लागले. त्यामुळे हा विषय पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

पडद्यावर रंग उमटविण्याची पद्धत मात्र जुनी आहे. मजकुरातच काही सांकेतिक चिन्हे मिसळली जातात. २७ क्रमांकाचे एस्केप चिन्ह, त्यापुढे उघडणारा चौकोनी कंस, मग ३१ हा अंक आणि शेवटी इंग्रजी एम हे अक्षर आले की पुढील मजकूर लाल होतो. ३२ ने हिरवा, ३३ ने पिवळा, तर ० ने पूर्ववत रंग येतो. म्हणजे रंग आणि आशय एकाच प्रवाहातून वाहतात. सर्व बिघाडांचे मूळ येथेच आहे. चिन्हांचा अर्थ जाणणारा टर्मिनल समोर असेल तर रंग दिसतो. नसेल तर तीच चिन्हे कचऱ्याप्रमाणे मजकुरात उतरतात. डिबगरचे आउटपुट फाइलमध्ये साठवून जर्नलसाठी छापणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदावर ‘३१ एम’सारखे निरर्थक तुकडे दिसतात, ते यामुळेच.

बिघाडाची स्थाने

रंगीत आउटपुटमध्ये संभवणारे बिघाड पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१) आउटपुट टर्मिनलकडे न जाता फाइलकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे जाते.

२) टर्मिनल रंग दाखवू शकत नाही. टर्म या परिसर-चलाची किंमत ‘डंब’ असणे ही याची प्रचलित खूण आहे. ‘नो कलर’ हे परिसर-चल देऊन वापरकर्ता स्वतःही रंग नाकारू शकतो. हा संकेत २०१७ पासून रूढ होत गेला.

३) रंग देणारी लायब्ररी उपलब्ध नसते, किंवा एखादी भाषा तिला ओळखता येत नाही.

४) मूळ प्रोग्रामच्या फाइलमध्ये अपेक्षित संकेतप्रणालीत न बसणारे बाइट असतात.

५) रंग सुरू झाल्यानंतर आणि तो पूर्ववत होण्यापूर्वी काम मध्येच खंडित होते, आणि त्यानंतरचा सारा पडदा लाल राहतो.

६) वापरकर्ता अस्तित्वात नसलेल्या रंगाचे नाव देतो.

यांपैकी चौथा प्रकार मराठी भाषकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की या संकेतप्रणालीत ‘क’ हे अक्षर १७९ या एकाच बाइटने दर्शविले जाते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात त्याच अक्षरासाठी २२४, १६४ व १४९ असे तीन बाइट लागतात. यूटीएफ-८ च्या नियमानुसार १२८ ते १९१ या मर्यादेतील बाइट अक्षराच्या आरंभी येऊच शकत नाही. त्यामुळे इस्कीमध्ये ‘किंमत’ अशी टीप लिहिलेला जुना प्रोग्राम यूटीएफ-८ समजून वाचू पाहणारी रंगलायब्ररी त्या शब्दाच्या पहिल्याच बाइटवर अडखळते. प्रोग्राम पूर्णतः निर्दोष असतो. संगणकाच्या दृष्टीने टीप ही वगळण्याचीच गोष्ट असते. तरीही केवळ रंग देण्याच्या खटाटोपात अपयश येते. हे अपयश हाताळलेले नसेल तर विद्यार्थ्याला स्वतःच्या चुकीऐवजी संकेतप्रणालीची त्रुटी दिसते. दोष शोधण्यासाठी घेतलेले साधनच नव्या दोषाचे कारण होते, आणि तेही प्रोग्राम आधीच कोसळलेला असताना, म्हणजे साधनाची गरज सर्वाधिक असताना.

हाताळणीचे तत्त्व

रेल्वे व डिबगर यांत येथे एक महत्त्वाचा भेद आहे. सिग्नल बिघडला तर गाडी थांबविणे सुरक्षित असते. कारण पुढे जाण्यात जीवितास धोका असतो. डिबगरचा रंग बिघडला तर काम थांबविणे मात्र अयोग्य ठरते. कारण माहिती न मिळणे हाच तेथील धोका आहे. म्हणून रंग गमवावा, मजकूर गमावू नये, हे तत्त्व स्वीकारावे लागते.

जीडीबीची रचना या तत्त्वास अनुसरून आहे. मूळ प्रोग्रामच्या ओळी रंगविण्यासाठी तो ग्नू सोर्स हायलाइट ही लायब्ररी वापरतो. ती उपलब्ध नसल्यास पायथॉनमधील पिगमेंट्स या लायब्ररीचा आधार घेता येतो, आणि तिचाही उपयोग न झाल्यास साधा मजकूर दाखविला जातो. सोर्स हायलाइटच्या जुन्या आवृत्तीस रस्ट ही भाषा अवगत नव्हती. अशा वेळी लायब्ररीने उपस्थित केलेला अपवाद जीडीबी स्वतःच अडवून धरतो व ओळी रंगाविना दाखवितो.

चाचणीची पद्धती

अशी हाताळणी लिहिलेली असणे पुरेसे नाही. ती क्वचितच वापरली जाते, म्हणून तिच्यातील चूक दीर्घकाळ लपून राहते. बिघाड मुद्दाम घडवून आणणे हा यावरील उपाय आहे. जीडीबीच्या चाचणीसंचात यूटीएफ-८ मध्ये न बसणारे अक्षर हेतुपुरस्सर ठेवलेली सी भाषेतील एक फाइल आहे. तशाच प्रकारे १७९ हा बाइट असलेली छोटी फाइल आपल्या प्रयोगशाळेत कोणासही तयार करता येईल.

चाचणीचे निकष तीन असावेत. पहिला निकष समानतेचा : रंगीत आउटपुटमधून रंगचिन्हे काढून टाकल्यावर उरणारा मजकूर रंगाविना घेतलेल्या आउटपुटशी अक्षरशः जुळला पाहिजे. दुसरा निकष पूर्ववत होण्याचा : काम कोठेही खंडित केले तरी टर्मिनल मूळ रंगात परतले पाहिजे. तिसरा निकष संदेशाचा : चुकीच्या रंगनामास स्पष्ट त्रुटीसंदेश मिळावा व पूर्वीचा रंग कायम राहावा, लायब्ररीच्या अपयशाने मात्र प्रोग्रामचा खरा त्रुटीसंदेश झाकला जाऊ नये.

येथे एक सापळा लक्षात घ्यावयास हवा. जीडीबीचा चाचणीसंच टर्म या चलाची किंमत मुळातच ‘डंब’ ठेवतो, जेणेकरून हजारो इतर चाचण्यांच्या आउटपुटमध्ये रंगचिन्हे मिसळू नयेत. ही सोय योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा, की रंगाचा भाग त्या चाचण्यांत कधी चालतच नाही. रंगासाठी ‘अँसी’ ही किंमत देऊन स्वतंत्र चाचण्या लिहाव्या लागतात, आणि त्या तेथे लिहिलेल्याही आहेत. विद्यार्थ्याने केवळ समानतेचा निकष लावला, तर रंग कधीच न देणारा प्रोग्रामही उत्तीर्ण होईल. म्हणून जेथे रंग अपेक्षित आहे तेथे रंगचिन्हे खरोखर आली का, हे आधी तपासावे आणि नंतरच बिघाड घडवावा.

समारोप

रंग भेद चटकन दाखवितो. परंतु आशय केवळ रंगावर सोपविणे योग्य नाही. लाल व हिरवा रंग वेगळे न ओळखणारे विद्यार्थी आपल्या वर्गात असू शकतात. त्यांच्यासाठी रंगीत संदेशात ‘त्रुटी’ हा शब्द असणे अत्यावश्यक आहे. रंगाविना मजकूर पूर्ण राहतो का, ही चाचणी त्यांच्या हिताचीही ठरते.

आपल्या प्रात्यक्षिकांत प्रोग्राम चालला म्हणजे गुण मिळतात. तो बिघडल्यावर कसा वागतो, यासाठी सहसा गुण नसतात. प्रत्येक प्रात्यक्षिकासोबत मुद्दाम घडविलेला एक बिघाड आणि त्याच्या हाताळणीची एक चाचणी जोडली, तर यास वेगळा अभ्यासक्रम लागणार नाही. दिवा विझल्यावर काय करावयाचे हे मोटरमनला दिवा विझण्यापूर्वी शिकविलेले असते. प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते वेळीच शिकविणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे.