'प्रिंट आहे ना? मग एवढे पैसे का?' : लिनोकट आणि माझी हमालांची मालिका

(भागात जे बोलले तेच इथे थोडं नीटनेटकं करून लिहिलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा.)

नव्या मालिकेतलं पहिलं चित्र दाखवल्यापासून तुमचे बरेच मेसेज आले. अर्ध्याहून जास्त मेसेजमध्ये एकच प्रश्न होता. 'ताई, चित्र भारी आहे, पण ते प्रिंट आहे ना? मग अडीच हजार कसले?' प्रश्न रास्त आहे. माझ्या घरातही हाच विचारतात, फक्त सूर जरा वेगळा असतो.

तर आधी एक गोंधळ सोडवू. आपल्याकडे छापलेलं चित्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती. त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून देव घरोघरी पोचले. पण तिथे आधी तैलचित्र होतं आणि छापलेली प्रत ही त्याची नक्कल होती. आज कोणी कॅनव्हासवरच्या चित्राचा फोटो काढून चांगल्या कागदावर छापून विकतो, तोही तोच प्रकार.

लिनोकटमध्ये असं मागे लपलेलं 'खरं चित्र' नसतंच. माझ्याकडे असतो एक कोरलेला ठोकळा. तो काही चित्र नाही, भिंतीवर लावाल तर काहीतरी उलटंपालटं दिसेल. शाई लावून कागद दाबला की जे उमटतं ते चित्र. पंधरा वेळा दाबलं तर पंधरा चित्रं, आणि पंधराही अस्सल. म्हणून तर याला मुद्राचित्र म्हणतात.

लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे एकत्र करून तागाच्या कापडावर थापलेला जाड थर. मुळात हे जमिनीवर अंथरायचं प्रकरण, १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेलं. चित्रकारांनी ते नंतर उचललं, कारण लाकडापेक्षा स्वस्त आणि कापायला मऊ. लाकडाला रेषा असतात, त्या हाताला ओढून नेतात. लिनोला रेषा नसतात, हात फिरवाल तिकडे टूल जातं. थंडीत मात्र तो कडक होतो. पुण्यातल्या डिसेंबरात मी लिनो दहा मिनिटं गच्चीत उन्हात ठेवते आणि मगच कोरायला घेते.

जे कोरून काढलं ते पांढरं राहतं, जे ठेवलं ते काळं. बस. करडा रंग नाही, ब्रशने हलकं करणं नाही. करडं दाखवायचं तर बारीक रेषा जवळजवळ कोरायच्या आणि डोळ्याला फसवायचं. आणि सगळं उलटं! उजवा खांदा डावीकडे जातो, पोत्यावरची अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात. मी ट्रेसिंग पेपरवर काढून तो पालथा घालते, म्हणजे डोक्याला ताप नाही.

शाई लावायला रोलर. माझ्याकडे प्रेस नाही, त्यामुळे कागद वर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासते. एका प्रतीला पाऊण तास जातो. कागदाचा एक कोपरा उचलून बघायचं, शाई कुठे कमी उतरलीय ते पाहून परत घासायचं. खाली पेन्सिलीने ३/१५ असं दिसतं ना, त्याचा अर्थ पंधरांतली तिसरी. पंधरा झाल्या की ठोकळ्यावर एक आडवी रेघ कोरून तो बाद करायची पद्धत आहे, म्हणजे सोळावी कोणी काढू शकत नाही. अडीच हजार कशाचे, तर या सगळ्याचे.

आता हमाल का, ते सांगते.

कॉलेजात असताना मी चित्तप्रसाद यांची लिनोकट पहिल्यांदा पाहिली. जन्म १९१५, बंगालमधले, चित्रकला स्वतःच शिकलेले. १९४३च्या दुष्काळात ते मेदिनीपूरच्या गावांतून पायी हिंडले, जे दिसलं ते काढलं आणि लिहिलं. त्याची 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. नंतरची कित्येक वर्षं ते मुंबईत अंधेरीला राहिले, तंगीत. तिथे त्यांनी काम करणाऱ्या मुलांची लिनोकट केली, बूटपॉलिशवाली वगैरे. मला त्यात धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे काळा रंग. तो सावली म्हणून येत नाही, वजन म्हणून येतो.

दुसरी केटे कोलवित्झ. जर्मन बाई. पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरात तिचा मुलगा पेटर मारला गेला. त्या दुःखावर ती वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माध्यमांत झगडत राहिली. १९२० मध्ये एर्न्स्ट बारलाखची लाकडी छापाचित्रं पाहिली आणि तिला रस्ता सापडला. मग 'युद्ध' नावाची सात चित्रांची मालिका आली. त्यातल्या एकात आया एकमेकींना इतक्या घट्ट बिलगल्यात की सगळ्यांचा मिळून एकच काळा गठ्ठा झालाय, आणि त्यातून फक्त चेहरे आणि हात बाहेर येतात. पोतं पाठीवर घेतलेला माणूस काढताना तो गठ्ठा माझ्या डोक्यात होता. माणूस कुठे संपतो आणि पोतं कुठे सुरू होतं, ती रेषा मी मुद्दाम कोरलेलीच नाही.

तिसरी प्रेरणा तुम्हाला गंमतशीर वाटेल. शिलालेखांचे ठसे! अभ्यासक ओला कागद दगडावर चिकटवतात, ब्रशने ठोकून खाचांत बसवतात आणि वरून शाई टिपतात. अक्षरं पांढरी, बाकी सगळं काळं. लिनोसारखंच, फक्त शाई कागदाच्या वरच्या बाजूला लागते म्हणून अक्षर उलटं येत नाही. राजाचं दान, देवळाची जमीन अशा गोष्टी दगडात कोरल्या गेल्या. पोती वाहणाऱ्याचं कोण कोरणार?

म्हणून गुलटेकडीचं मार्केट यार्ड. चार महिने मी पहाटे जात होते. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये झुणका-भाकर खायची आणि तिथेच वहीत काढत बसायचं. ओझं वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाठीचा मणका कुठे वाकतो हे मात्र तिथेच दिसलं. कमरेत नाही, मानेच्या खाली. ओझ्याखालचा माणूस पुढे बघत नाही, दोन पावलांवरची जमीन बघतो. त्यामुळे माझ्या सहा चित्रांत एकाचेही डोळे दिसत नाहीत.

पहिली प्रत सुकल्यावर मी ती यार्डात नेली. चित्रात जे काका आहेत त्यांनी ती हातात धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, हे कितीला?" मी आकडा सांगितला. ते हसले, "मग हे दुसऱ्याच्याच घरात लागणार की."

मी त्यांना प्रत देऊ केली. घेईनात. "तुझी मेहनत आहे, फुकट कशी घेऊ?"

सोपा उपाय होता, त्याच ठोकळ्यावरून अजून शंभर स्वस्तात काढायच्या. पण ज्यांनी ३/१५ म्हणून पैसे मोजले त्यांना मी शब्द दिलाय, तो असा मोडता येत नाही. आणि मर्यादित प्रती हा शेवटी बाजाराचा नियम आहे. छापायची सोय जगात आली ती जास्त लोकांपर्यंत पोचायला, आणि आपण ती अडवून किंमत वाढवतो. मला हा नियम पटतही नाही आणि त्याच्याशिवाय माझं भाडंही निघत नाही. खरं सांगायचं तर असं आहे.

मग मी वेगळा ठोकळा कोरला. पोस्टकार्डाएवढा, तेच काका, पण या वेळी पोतं उतरवून बसलेले, हातात चहाचा ग्लास. याला नंबर नाही, सही नाही, प्रतींना मर्यादा नाही. जाड पुठ्ठ्यावर छापायचं, खाली तारखांचं पॅड चिकटवायचं, वर भोक पाडून दोरी. यार्डातल्या प्रत्येक गाळ्यात, प्रत्येक खोलीत खिळ्याला कॅलेंडर असतंच. किंमत ठेवली चाळीस रुपये. कागद, पुठ्ठा, शाई आणि पॅड मिळून तेवढाच खर्च येतो. काकांनी दोन घेतली, ऐंशी रुपये मोजून दिले. एक खोलीवर, एक गावाकडे.

आतापर्यंत साठेक गेलीत. आणि हो, बसलेल्या काकांचे डोळे दिसतात.

सातवं चित्र सध्या टेबलावर अर्धवट आहे. धान्य निवडणाऱ्या बायका. अडचण अशी की चाळणीतून उडणारी धूळ दाखवायचीय, आणि लिनोत धूळ कोरणं म्हणजे हजारो टिंबं काढणं. सध्या लाकडाच्या तुकड्यात खिळे ठोकून त्याने ठोकून बघतेय. पुढच्या भागापर्यंत जमलं तर ठोकळ्याचा फोटो टाकते.