‘गॉडझिला: आफ्टरशॉक’: दोन चित्रपटांमधल्या पाच वर्षांत काय घडलं?

२०१४ मध्ये गॅरेथ एडवर्ड्स यांचा ‘गॉडझिला’ आला. सॅन फ्रान्सिस्कोत दोन ‘मुटो’ मारून गॉडझिला समुद्रात निघून गेला आणि चित्रपट संपला. त्याचा पुढचा भाग, मायकल डॉगर्टी यांचा ‘किंग ऑफ द मॉन्स्टर्स’, थेट २०१९ मध्ये आला. मधल्या काळात गॉडझिला होता कुठे? हीच रिकामी जागा भरते ‘गॉडझिला: आफ्टरशॉक’ ही चित्रकादंबरी. लेखन अर्व्हिड नेल्सन यांचं, चित्रं ड्रू एडवर्ड जॉन्सन यांची. ‘लेजेंडरी कॉमिक्स’ने ती दुसरा चित्रपट येण्याच्या तोंडावर, मे २०१९ मध्ये प्रकाशित केली.

जुन्या सांगाड्याचं उत्तर

२०१४ च्या चित्रपटाची सुरुवात आठवते? १९९९ साल, फिलिपिन्समधली खाण, आत एका अवाढव्य प्राण्याचा सांगाडा आणि त्याला चिकटलेले दोन कोष. हा प्राणी मेला कशानं, याचं नीट उत्तर चित्रपटात मिळत नाही. पुस्तकात मिळतं. त्या प्राण्याला इथे ‘डेगॉन’ हे नाव मिळतं आणि तो गॉडझिलाच्याच जातीचा होता. या जातीची शिकार करून तिच्या शरीरात अंडी घालणारी एक भयंकर मादी आहे, ‘मुटो प्राइम’. तीच आता गॉडझिलाच्या मागावर आहे. म्हणजे जो सगळ्यांना घाबरवतो, त्यालाही कुणीतरी शिकार समजतंय!

खरी गोष्ट एमाची

पुस्तकाचं खरं मोल मात्र डॉ. एमा रसेल या पात्रामुळे आहे. २०१४ च्या चित्रपटात ती कुठेच नाही. २०१९ मध्ये मात्र सगळी कथा तिच्याभोवती फिरते. सॅन फ्रान्सिस्कोत तिचा मुलगा अँड्र्यू गेला आणि संसार मोडला. तरीही हीच बाई पुढे महाकाय प्राण्यांना मोकळं सोडायला निघते. नुसता चित्रपट पाहिला की हा निर्णय एकदम डोक्यावर आदळतो. पुस्तकात ती ‘मोनार्क’ या संस्थेची शास्त्रज्ञ म्हणून गॉडझिलाचा माग काढताना दिसते. ज्याच्या लढाईत आपलं लेकरू गेलं, त्यालाच समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामुळे तिचा पुढचा निर्णय पटतोच असं नाही, पण ती तिथवर कशी पोचली असेल याचा अंदाज येतो.

वाचायलाच हवं का?

नाही. पुस्तक न वाचताही दुसरा चित्रपट समजतो, आणि समजायलाच हवा. तिकीट काढणाऱ्याला आधी अभ्यास करून या असं सांगता येत नाही. पण वाचायचं असेल तर क्रम सोपा आहे: आधी २०१४ चा चित्रपट, मग हे पुस्तक, मग २०१९ चा. भूकंप ओसरल्यावरही धक्के बसत राहतात, त्यांना इंग्रजीत ‘आफ्टरशॉक’ म्हणतात. एमाच्या बाबतीत ते नाव अगदी चपखल बसतं.