सपाट माथ्यांचं शहर

बोटीवर आदल्या रात्री खोलीत सरकवलेल्या कागदावर दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या. एक म्हणजे, संध्याकाळी साडेचारच्या आत परत यायचं. दुसरी म्हणजे फळं, मध, बिया, घरचं खाणं यांतलं काहीही बरोबर घेऊन उतरायचं नाही. न्यूझीलंडचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. पिशवीत विसरलेलं एखादं सफरचंदसुद्धा दंडाला कारण होतं. हिने बेसनाच्या लाडवांचा डबा खोलीतच ठेवला आणि आम्ही सकाळी आठला नेपियरच्या धक्क्यावर उतरलो.

नेपियर म्हटलं की आमच्या लातूर भागात जनावरांचं गवत आठवतं. त्या गवताचा या शहराशी संबंध नाही. हे नेपियर म्हणजे न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, हॉक्स बे या उपसागरावरचं बंदर. मुलगी ऑकलंडला असते, तिने आम्हा दोघांना क्रूझचं तिकीट काढून दिलं. यादीतल्या सगळ्या मुक्कामांपैकी मला उत्सुकता होती ती या एकाच गावाची. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर मी पुनर्वसनाच्या कामावर कनिष्ठ अभियंता होतो. भूकंपात पडलेलं आणि दोन वर्षांत पुन्हा उभं राहिलेलं गाव म्हणून नेपियरचं नाव मी तेव्हापासून ऐकत आलो होतो.

बंदरात पाइनच्या ओंडक्यांच्या थप्प्या दोन मजली घरांएवढ्या उंच रचलेल्या असतात. माल हलत असल्यामुळे तिथून पायी जाऊ देत नाहीत. बसने काही मिनिटांत मरीन परेड या समुद्राकाठच्या रस्त्यावर आणून सोडतात. एका बाजूला करड्या गोट्यांचा किनारा, दुसऱ्या बाजूला गाव आणि मधोमध नॉरफोक पाइनची सरळसोट झाडं. १९३० च्या दशकातले कपडे घातलेले स्वयंसेवक पाहुण्यांचं स्वागत करत होते, त्यांच्यामागे त्याच काळातल्या मोटारी चकचकीत पुसून उभ्या होत्या. टेनिसन स्ट्रीटवर आर्ट डेको ट्रस्टचं केंद्र आहे. ही संस्था १९८५ साली स्थापन झाली. तिच्या पायी फेऱ्या तिथूनच निघतात. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आमच्या वाटाड्या होत्या. डोक्यावर घट्ट बसणारी टोपी, पायांत मात्र चालायचे बूट.

आर्ट डेको मुंबईकरांना नवं नाही. १९२५ साली पॅरिसला भरलेल्या सजावटकलेच्या प्रदर्शनावरून या शैलीला पुढे १९६० च्या दशकात हे नाव रूढ झालं. झिगझॅग रेषा, उगवत्या सूर्याचे किरण, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे माथे, इजिप्तच्या कमळांची आठवण करून देणारी नक्षी. मुंबईत १९३३ चं रीगल, १९३८ चं इरॉस आणि मरीन ड्राइव्हच्या ओळीने उभ्या इमारती याच शैलीतल्या. २०१८ साली त्यांना जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. दोन्ही शहरांत ही शैली १९३० च्या दशकात आली. मुंबईने ती समुद्र हटवून मिळवलेल्या नव्या जमिनीवर, हौसेने बांधली. नेपियरने ती बांधली तेव्हा गावाचा मध्यभाग राखेत गेलेला होता.

३ फेब्रुवारी १९३१, मंगळवार, सकाळी १० वाजून ४७ मिनिटं. ७.८ रिश्टरचा भूकंप. दोन झटके, मधे क्षणभराची उसंत, सगळं मिळून अडीच मिनिटं. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा त्याच दिवशी उघडल्या होत्या आणि बरीच मुलं मधल्या सुट्टीत मैदानावर होती, म्हणून वाचली. टेक्निकल कॉलेजमधली मुलं मात्र इमारतीखाली सापडली. रुग्णालयाच्या आवारातलं परिचारिकांचं वसतिगृह कोसळलं, रात्रपाळी करून झोपलेल्या मुली त्यात गेल्या. विटांचं सेंट जॉन कॅथेड्रल आत उपासना चालू असतानाच खाली आलं. हॉक्स बे भागात २५६ माणसं गेली, त्यांतली १६१ एकट्या नेपियरची. न्यूझीलंडमध्ये नैसर्गिक आपत्तीत एवढे जीव त्याआधी किंवा त्यानंतर गेलेले नाहीत.

आणि मग आग. औषधांच्या दुकानांत गॅसच्या शेगड्या चालू होत्या, तिथून ती पेटली. अग्निशमन दलाने नळ्या जोडल्या, पण जमिनीखालचे पाण्याचे नळ फुटले होते. वाऱ्याने दिशा बदलली. भूकंपातून वाचलेली दुकानंही त्या दुपारी जळाली. बंदरात त्याच सकाळी आलेली ‘व्हेरोनिका’ ही नौदलाची बोट होती. तिच्याखालचा समुद्रतळच वर उचलला गेला. तिच्या बिनतारी यंत्रावरून बातमी बाहेर गेली आणि खलाशी ढिगारे उपसायला गावात धावले. दुसऱ्या दिवशी ऑकलंडहून आणखी दोन युद्धनौका डॉक्टर आणि तंबू घेऊन आल्या. आम्ही समुद्रातून आलो होतो सहलीला. त्या आठवड्यात या गावाकडे समुद्रातून काय काय आलं असेल, हे मरीन परेडवरच्या ‘व्हेरोनिका’च्या नावाच्या स्तंभरांगेत उभं राहिल्यावर वाटून गेलं.

एमर्सन स्ट्रीटवर बाईंनी आम्हाला थांबवलं आणि म्हणाल्या, “दुकानांकडे बघू नका, वर बघा. माथ्यावर काय आहे?”

काहीच नव्हतं. रस्ताभर सगळे माथे सपाट. एकही कलश नाही, पुतळा नाही, विटांचा उंच कठडा नाही. जी नक्षी होती ती भिंतीतच कोरलेली, बोटभर उठावाची. मला या रचनेचं कारण ठाऊक होतं, तरी ते असं रस्त्यात डोळ्यांपुढे मांडलेलं पाहून मी गप्प झालो. भूकंपाआधीचं नेपियर व्हिक्टोरियन वळणाचं होतं. विटांच्या इमारती, त्यांवर जड कंगोरे, माथ्यावर शोभेचे कठडे आणि कलश. जमीन हलली की इमारतीचा माथा पायापेक्षा जास्त झोके खातो, आणि कठडा तर तीन बाजूंनी मोकळा, फक्त खालच्या चुन्यावर टेकलेला. तो सगळ्यांत आधी सुटतो. घाबरून घराबाहेर धावलेली माणसं नेमकी त्याच्याखाली येतात. नेपियरमध्ये तसंच झालं. नव्या गावात म्हणून डोक्यावर पडू शकेल असं काही ठेवायचंच नाही, असं ठरलं. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पेट्या, बहुतेक दोनच मजले, आणि शोभा हवीच तर गिलाव्यात. जगभर मंदी होती, पैसा नव्हता. गिलाव्यातली सपाट नक्षी स्वस्त पडत होती. आर्ट डेको या सगळ्यांत बसत होतं आणि शिवाय नवं दिसत होतं. त्या झिगझॅग रेषा फॅशन म्हणून आल्या हे खरं, पण त्या इथे टिकल्या त्या मेलेल्या माणसांमुळे.

हिने माझ्या बाहीला धरलं. काही बोलली मात्र नाही.

हे काम ज्या तऱ्हेने झालं ते मला इमारतींहून मोठं वाटतं. गावाच्या चार आर्किटेक्ट संस्था होत्या: लुई हे, ई. ए. विल्यम्स, नॅटश अँड सन्स आणि फिंच अँड वेस्टरहोम. त्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. भूकंपानंतर त्या एकत्र आल्या. जागा, साधनं आणि माणसं वाटून घेऊन त्यांनी नकाशे काढले. गावाचा कारभार दोन आयुक्तांकडे सोपवला होता, जॉन बार्टन आणि लॅकलन कॅम्पबेल. दुकानदारांसाठी क्लाइव्ह स्क्वेअरमध्ये पत्र्याची तात्पुरती बाजारपेठ उभारली, लोक तिला टिन टाउन म्हणत. दरम्यान रस्ते रुंद केले, चौकातल्या इमारतींचे कोपरे तिरके छाटले, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा जमिनीखाली घातल्या. जानेवारी १९३३ मध्ये नव्या नेपियरचा उत्सवही झाला. ढिगाऱ्यांतल्या विटा-मातीचा भराव समुद्राकाठी टाकला होता. मरीन परेडवरच्या बागा त्याच भरावावर आहेत.

चौघांचे हात वेगवेगळे होते, हे चालताना कळतं. वेस्टरहोम यांना स्पॅनिश मिशन पद्धत आवडायची: कौलं, कमानी, खरबरीत पांढरा गिलावा. कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा १९२५ च्या भूकंपानंतर त्या पद्धतीने उभं राहिलं होतं आणि इथल्या लोकांनी ते डोळ्यांसमोर ठेवलं होतं. विल्यम्स यांची १९३२ ची ‘डेली टेलिग्राफ’ची इमारत अस्सल आर्ट डेको आहे. खांबांच्या माथ्यावर कारंज्यासारखी उसळणारी नक्षी, मधोमध दार, दोन्ही अंगं आरशात पाहिल्यासारखी सारखी. हेस्टिंग्ज आणि एमर्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जुनी बँक ऑफ न्यूझीलंडची इमारत मला सर्वांत आवडली. तिच्या छताला आणि भिंतींना इथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरींची वेलबुट्टी आहे, लाल, काळी आणि पांढरी. परक्या शैलीच्या चौकटीत तिथल्या मातीची रेषा बसवणं सोपं नसतं. इथे ती बसली आहे.

लुई हे यांचं उत्तम काम गावात नाही, ते बंदराजवळच्या अहुरिरी भागात आहे. नॅशनल टोबॅको कंपनीची १९३३ ची इमारत. चौकोनी काँक्रीटचा ठोकळा, त्यात एक मोठी गोल कमान आणि कमानीभोवती गुलाब, द्राक्षवेली, पाणगवत. तंबाखूच्या कारखान्याला एवढं सुंदर दार! अमेरिकन आर्किटेक्ट लुई सुलिव्हन यांची छाप त्यावर दिसते. बोटीवरच्या बहुतेक प्रवाशांचं ते पाहायचं राहून जातं, कारण ते मुख्य रस्त्यापासून दूर आहे. वेळ असेल तर एखादं दुकान कमी करावं आणि तिकडे जावं.

तिकडे जाताना वाटेत हैदराबाद रोड लागतो. पाटी वाचून हिने विचारलं, “अहो, इथे कुठलं हैदराबाद?” ते सिंधमधलं. या गावाला नाव मिळालं ते सर चार्ल्स नेपियर यांचं. १८४३ साली मियाणीच्या लढाईत सिंध जिंकणारा हा सेनापती त्याआधी पुण्याच्या छावणीचा प्रमुख होता. गावामागच्या टेकडीला पूर्वी सिंध बेट म्हणत, जवळच्या एका वस्तीचं नाव मियानी आहे आणि शेजारच्या गावांची नावं हेस्टिंग्ज, क्लाइव्ह, हॅवलॉक नॉर्थ. जिंकणाऱ्यांनी आपल्या लढायांची आणि माणसांची नावं जगाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन चिकटवली. अहुरिरी हे नाव मात्र आधीपासूनचं, माओरींचं.

टेकडीला बेट म्हणत, कारण ती खरोखरच पाण्याने वेढलेली होती. मागे मोठं खाजण होतं. भूकंपात तिथली जमीन दोन मीटरहून अधिक वर आली आणि २,००० हेक्टरांहून जास्त तळ उघडा पडला. आज विमानतळ त्याच जमिनीवर आहे. वाढलेल्या जमिनीचं कौतुक पाहुण्यांना नेहमी ऐकवलं जातं. माओरींसाठी मात्र ते खाजण, ते फांगानुई-आ-ओरोतू, पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि शिंपल्या देणारं होतं. ते नुसतं आटलं नाही, हातातूनही गेलं. त्याबद्दलची त्यांची तक्रार माओरींचे दावे ऐकणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणापुढे गेली आणि त्याचा अहवाल १९९५ साली आला. भूकंपाची ही बाजूही फेरीत सांगायला हवी, असं मला वाटतं.

फेरी संपल्यावर बाईंनी मला विचारलं, तुम्ही भिंतींना हात लावून का बघता? मग मी त्यांना किल्लारी सांगितली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. पावसात गळू नये म्हणून दरसाल नवी माती टाकायची, म्हणजे छप्पर दरसाल जड होत जायचं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. सुमारे १०,००० गेली. नेपियरच्या टेकडीवरची लाकडी घरं वाचली होती, त्यांची फक्त धुराडी पडली. आमच्याकडेही जिथे माळवदाचा भार धड लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही छप्पर तरलेलं मी पाहिलं. लोकांना मात्र दगड नकोसा झाला होता. “साहेब, दगड सोडून काहीही द्या,” असं मला गावोगाव ऐकावं लागलं.

आमच्याकडे ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली. सरळ रस्ते, आखीव रांगा, काँक्रीटची घरं. घरं मजबूत झाली, याचं समाधान मला आजही आहे. पण जुन्या गावात दार उघडलं की समोर चुलतभाऊ दिसायचा, नव्या गावात तो दोन फर्लांग लांब गेला. नेपियर आपल्याच जागेवर राहिलं. रस्ते थोडे रुंद झाले, पण टेनिसन स्ट्रीट होता तिथेच राहिला, दुकानदार आपल्या कोपऱ्यावर परतला. आम्हाला ती मुभा किती होती, हे नक्की सांगणं कठीण. ढिगाऱ्यात परत जायला लोकच तयार नव्हते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली आणि म्हणाल्या, “तुमच्या गावांत फेरी कोण घालतं?” कोणी घालत नाही, असं मी सांगितलं.

साडेचारला आम्ही वरच्या डेकवर होतो. ओंडक्यांच्या थप्प्या मागे पडल्या, मग टेकडीवरची लाकडी घरं, मग गाव. एवढ्या लांबून माथे काही दिसत नव्हते. हिने विचारलं, “आपल्या गच्चीच्या कठड्यावर किती कुंड्या आहेत?” मला आकडा सांगता आला नाही. रस्त्याच्या बाजूला, खाली शाळेच्या रिक्षा थांबतात तिथे, बऱ्याच आहेत. लातूरला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. बोटीच्या वायफायवरून धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, “दादा, तिकडून फोन केलास, सगळं बरं आहे ना?” मी म्हटलं, बरं आहे, आधी वर जा आणि कठड्यावरच्या कुंड्या उचलून खाली ठेव, तुळसही.