नोकरीच्या बाजारातील अडत कोणी द्यायची?

शेतमालाच्या सौद्यात शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार असे तीन पक्ष असतात. अडत्याची अडत यांपैकी कोणी सोसायची, हा महाराष्ट्रात कित्येक वर्षे वादाचा विषय होता. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यापुरता त्याचा निकाल लावला. अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असे ठरले. पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावात या निर्णयाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र याच गावातील एखाद्या घरातून मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन पुण्यात नोकरी शोधू लागली, की मध्यस्थाची अडत कोणी द्यायची, हा साधा प्रश्न विचारण्याचे भान घरातील जाणत्यांनाही राहत नाही.

याला कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे कामावर ठेवणाऱ्या घराला नोकरी मागण्याची रीत ठाऊक नसते. आता काळ पालटला आहे. कापडाचे गिऱ्हाईक मोबाईलवर खरेदी करू लागले आहे आणि दोन भावांचा संसार चालवणारी पेढी चार चुलतभावांना पुरी पडत नाही. बी.कॉम. किंवा एम.बी.ए. झालेली मुले नोकरीकडे वळतात, यात कमीपणा काही नाही. पण त्यांच्या पाठीशी उभे राहणारे वडील आणि काका आपल्याबरोबर व्यापारातील सवयी घेऊन येतात. सौदा हातचा जाऊ नये म्हणून इसार द्यावा, मध्यस्थाला खूश ठेवावे, शब्दावर विश्वास ठेवून पुढे जावे. दुकानात या सवयींनी पत वाढते. नोकरीच्या बाजारात नेमक्या याच सवयी लुबाडणाऱ्याच्या उपयोगी पडतात.

खरी भरती संस्था, म्हणजे जिला लोक सरसकट ‘कन्सल्टन्सी’ म्हणतात ती, आपली मिळकत कशी करते हे प्रथम पाहावे. ती कंपनीसाठी माणूस शोधते आणि तिचे शुल्क कंपनी देते. आपल्याकडे रूढ झालेला दर वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे बाराव्या हिश्श्याइतका, अर्थात एका महिन्याच्या पगाराएवढा आहे. पदाचे महत्त्व पाहून तो कमीजास्त होतो. समजा, एका मुलाला वर्षाला ३,६०,००० रुपयांची नोकरी लागली. संस्था कंपनीला सुमारे ३०,००० रुपयांचे बिल पाठवील आणि त्यावर १८ टक्के दराने ५,४०० रुपये जीएसटी लावील. हे बिल बहुधा उमेदवार रुजू झाल्यानंतरच निघते. शिवाय ठरावीक मुदतीत, पुष्कळदा ९० दिवसांत, तो सोडून गेला तर संस्थेने दुसरा माणूस द्यावा किंवा पैसे परत करावेत, अशी अट करारात असते.

एवढे हिशेबात घेतले की संस्थेचे वागणे उलगडते. मुलाखतीपूर्वी दिवसातून दोनदा फोन करणारी व्यक्ती निवड न झाल्यास एकाएकी अबोल का होते? रुजू झाल्यावर तीन महिने आपुलकीने विचारपूस का चालते? त्यात मायाही नसते आणि अपमानही नसतो. उमेदवार हा तिचा गिऱ्हाईक नव्हे, गिऱ्हाईक कंपनी आहे. म्हणून ‘आमच्या मुलाचे बघा’ अशी गळ घालून फारसे काही साधत नाही. कंपनीला कोणत्या कामासाठी कसा माणूस हवा आहे, हे संस्थेकडून काढून घेणे अधिक लाभाचे. पगाराच्या बोलणीतही हेच ध्यानात ठेवावे. मुलाला दोन हजार रुपये अधिक मिळाले तर संस्थेचे शुल्क किंचित वाढते खरे, पण सौदा लवकर पार पडण्यात तिचा फायदा त्याहून मोठा असतो. ‘एवढ्यावर हो म्हणून टाका’ हा सल्ला त्या हिशेबातून आलेला असू शकतो.

एक चूक मात्र होतकरू मुले हमखास करतात. दहा संस्थांकडे माहितीपत्रक धाडून ती स्वस्थ बसतात. मग एकाच कंपनीकडे दोन संस्थांमार्फत एकच नाव पोहोचते, शुल्क कोणाचे यावर वाद उद्भवतो आणि तो टाळण्यासाठी कंपनी त्या उमेदवारालाच बाजूला ठेवू शकते. कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय आणि आपली संमती घेतल्याशिवाय माहितीपत्रक पुढे पाठवू नये, असे संस्थेला ईमेलवर लिहून कळवावे. घरात खातेवही असतेच, तशीच एक वही मुलाने ठेवावी आणि तारीख, संस्था, कंपनी, पद व बोलणाऱ्याचे नाव तीत मांडावे. हातची नोकरी असेल तर नवे नियुक्तिपत्र लेखी मिळून ते कंपनीकडून पडताळेपर्यंत राजीनामा देऊ नये.

आता पैसे मागणाऱ्यांविषयी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खाजगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेऊ नये, असे तत्त्व आहे. त्यात काही अपवादांना वाव ठेवलेला आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही, आणि देशांतर्गत खाजगी नोकऱ्या मिळवून देणाऱ्या संस्थांना सरसकट परवाना बंधनकारक करणारा केंद्रीय कायदाही नाही. त्यामुळे दारावर पाटी लावून कोणीही बसू शकतो आणि सावध राहण्याचा भार उमेदवारावर पडतो. मागणी कधी नोंदणी शुल्काची असते, कधी प्रशिक्षणाची, तर कधी कंपनी देणार असलेल्या लॅपटॉपच्या अनामतीची. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली असते, कारण दीड हजारासाठी कोणी वकील गाठत नाही. पण शंभर मुलांचे दीड हजार म्हणजे दीड लाख रुपये झाले, आणि तेही एकालाही नोकरी न लावता! कंपनीकडून तीस हजार मिळवणाऱ्याला उमेदवाराच्या दीड हजाराची गरज का भासावी, हा प्रश्न ज्याच्या मनात आला तो निम्मा वाचला.

व्यापारी कुटुंबाजवळ पडताळणीचे एक साधन आहे, ते इतर घरांना सहसा सुचत नाही. माल देण्यापूर्वी समोरच्याचा जीएसटी क्रमांक तपासण्याची आपल्याला सवय असते. तीच येथे वापरावी. पंधरा अंकाक्षरांच्या त्या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्य दर्शवतात, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अंकाक्षरे म्हणजे पॅन होय, आणि पॅनमधील चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढी, ‘पी’ असेल तर व्यक्ती. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ अशी पाटी लावणाऱ्याच्या क्रमांकात ‘पी’ आढळला, की तो स्वतःविषयी खरे सांगत नाही हे उघड झाले. जीएसटीच्या संकेतस्थळावर कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीखही दिसते. ‘वीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या दिवाळीतील निघाली तर विचारणा करावी. उलाढाल लहान असल्याने एखाद्या प्रामाणिक संस्थेकडे हा क्रमांक नसूही शकतो. तिने तसे मोकळेपणाने सांगितले तर बिघडले नाही. पैसे कोणाच्या तरी खाजगी बचत खात्यात किंवा मोबाईल क्रमांकावर पाठवण्यास सांगितले जाते, तेव्हा मात्र बोलणे तेथेच थांबवावे.

त्याहून घातक मागणी कोऱ्या धनादेशाची. ‘आत्ता काही देऊ नका, नोकरी लागल्यावर द्या, तोवर सही केलेला धनादेश ठेवा’ हे बोलणे उदार वाटते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील तरतुदींचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे, की देणे फेडण्यासाठी स्वेच्छेने सही करून दिलेल्या धनादेशावरील बाकीचा मजकूर घेणाऱ्याने भरला, एवढ्यावरून सही करणारा सुटत नाही. देणे नव्हतेच, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो, आणि धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली खटला उभा राहतो. बाजारात पत सांभाळणाऱ्या घराला धनादेश परत जाण्याची धास्ती असते, हे तो मध्यस्थ पुरेपूर जाणतो. मूळ गुणपत्रिका व पदवी प्रमाणपत्राचेही तसेच. ती दाखवावीत, ठेवून येऊ नयेत.

बँकेतील नोकरीचे आमिष आजही खपते. स्टेट बँक आपली भरती स्वतः करते आणि इतर सार्वजनिक बँकांची लिपिक व अधिकारी पदांची सामाईक परीक्षा २०११ पासून आयबीपीएस घेते. यात कोणा मध्यस्थाचा ‘कोटा’ नसतो. काही बँकांसाठी विक्रीची वा वसुलीची माणसे बाह्यसंस्थेमार्फत नेमली जातात हे खरे, परंतु ती त्या संस्थेची नोकर असतात.

हाच भेद शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम स्वीकारतानाही पाहावा. कामाची जागा नामांकित कारखान्याची आणि नियुक्तिपत्र मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, अशी पद्धत रूढ आहे. ती बेकायदा नव्हे. ठेकेदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. तरीही नियुक्तिपत्रावर नाव कोणाचे, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळाला का आणि त्यात दरमहा भरणा दिसतो का, हे पहिल्या दोन महिन्यांतच पाहून घ्यावे. वार्षिक वेतनाचा जो आकडा सांगतात, त्यात मालकाचा निधीतील हिस्सासुद्धा धरलेला असतो. हाती येणारी रक्कम वेगळी मांडून घ्यावी.

परदेशी नोकरीचा नियम निराळा आहे. तेथे उमेदवाराकडून शुल्क घेण्यास कायदा परवानगी देतो, पण मर्यादेत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली अशा एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते आणि सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकेच घेता येते, तेही पावती देऊन. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर आहे. आखातासाठी दोन-तीन लाख मागणारा, किंवा पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिकडे गेल्यावर कागद करू’ म्हणणारा, या यादीत सापडणे कठीण. संगणकाची चांगली जाण असलेली मुलेही यात फसली आहेत. थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या तळांवर नेऊन डांबलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांना नेणारेही स्वतःला भरती एजंटच म्हणवत होते.

फसवणूक झाल्यावर आणखी एक अडथळा घरातूनच येतो. गावात बोभाटा नको, मुलाचे लग्न व्हायचे आहे, दुकानाच्या नावाला बट्टा नको, म्हणून चार दिवस गप्प राहणे होते. तेवढ्यात पैसे तीन-चार खात्यांतून पुढे सरकतात आणि रोखीने काढले जातात. १९३० या सायबर मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार गेली, तर पुढच्या बँकेत रक्कम गोठवता येण्याची शक्यता राहते. उशीर झाला की ती झपाट्याने कमी होते. तक्रार नोंदवण्यासाठी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख व वेळ, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील आणि झालेल्या संदेशांची छायाचित्रे लागतात. संदेश रागाच्या भरात मोबाईलवरून पुसून टाकू नयेत. रोखीने दिले असतील तर पावतीवरील नाव व पत्ता घेऊन थेट पोलीस ठाण्यात जावे. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही असतो, त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर विचारणा करता येते.