पाच हजार डॉलरची समिती

इंजिनाचे विमान पहिल्यांदा उडाले ते अमेरिकेत, १९०३ साली. पण दहाच वर्षांत या विद्येतली आघाडी युरोपकडे गेली. जर्मनीत ग्योटिंगेनला, इंग्लंडात फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये आयफेल यांच्या प्रयोगशाळेत शिस्तीने मोजमापे चालू होती. अमेरिकेत मात्र पेटंटवरून कोर्टकज्जे रंगले होते. ही पिछाडी भरून काढण्यासाठी ३ मार्च १९१५ रोजी वैमानिकीची राष्ट्रीय सल्लागार समिती, म्हणजेच एनएसीए, स्थापन झाली. नौदलाच्या खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या एका कलमातून ती जन्माला आली. बारा बिनपगारी सदस्य आणि वर्षाला ५,००० डॉलर, एवढाच तिचा संसार.

पुढे व्हर्जिनियात लँग्ली येथे तिची प्रयोगशाळा उभी राहिली. विमानाची छोटी प्रतिकृती विंड टनेलमधल्या झोतात धरली, तरी तिच्यावरून वाहणारी हवा खऱ्या विमानावरून वाहते तशी वागत नाही, ही त्या काळची मोठी अडचण होती. ग्योटिंगेनहून आलेल्या मॅक्स मंक यांनी त्यावर तोड काढली: प्रतिकृती लहान, तर हवाच दाट करायची. १९२३च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या पोलादी टनेलमध्ये हवा वीसपट दाबाखाली खेळवली जाई. या टनेलमध्ये पंखांचे ७८ आकार तपासून त्यांचे निष्कर्ष १९३३ मध्ये छापले गेले. प्रत्येक आकाराला चार अंकी क्रमांक होता. २४१२ म्हणजे पंखाच्या रुंदीच्या २ टक्के बाक, तो पुढच्या कडेपासून चार दशांश अंतरावर, आणि जाडी १२ टक्के. जगभरच्या फ्लाइंग क्लबांत दिसणाऱ्या सेसना १७२ विमानाच्या पंखाला हाच आकार आहे.

त्याआधी फ्रेड वाइक यांच्या गटाने उघड्या इंजिनावर बसवायचे एक आवरण तयार केले होते. इंजिन थंड राही आणि हवेचा रोध घटे. १९२९ साली लॉकहीडच्या एका विमानाचा वेग या आवरणामुळे ताशी १५७ मैलांवरून १७७ वर गेला. इंजिन तेच, बदलला तो फक्त पत्रा. असे प्रयोग एकट्या कारखान्याला परवडत नाहीत. शिवाय निष्कर्ष प्रतिस्पर्ध्यालाही मिळणार असतील, तर तो पैसे घालेलच कशाला? सरकारी पैशाची गरज नेमकी इथे लागते.

१९५८ मध्ये एनएसीए नासात विलीन झाली आणि अवकाशाने विमानाला झाकोळले. आज नासाच्या खर्चात वैमानिकीचा वाटा जेमतेम ४ टक्के आहे. तरीही संगणकाच्या हाती सुकाणू देणारी यंत्रणा आणि पंखांच्या टोकांची वर वळलेली छोटी पाती यांमागे तिथलेच संशोधन आहे.

संशोधनाला मदत कुठे संपते आणि कंपनीला अनुदान कुठे सुरू होते, हा वाद मात्र मिटलेला नाही. २००४ मध्ये अमेरिका आणि युरोपीय संघ बोइंग व एअरबसच्या वतीने जागतिक व्यापार संघटनेत भिडले. एअरबसला मिळालेली सरकारी कर्जे नियमबाह्य ठरली, तसेच नासाने बोइंगला दिलेला संशोधनाचा काही पैसाही अनुदानच ठरला. जून २०२१ मध्ये दोघांनी पाच वर्षांचा तह केला. चीनची वाढती स्पर्धा हे त्याचे एक उघड कारण होते. २८ मे २०२३ रोजी चीनच्या सरकारी कंपनीचे सी९१९ विमान शांघायहून बीजिंगला पहिले प्रवासी घेऊन गेले. त्याची इंजिने मात्र अमेरिकी-फ्रेंच भागीदारीतली होती.