छत निवडताना वर पाहावे, फोटोकडे नव्हे

मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर माळवद असे. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखातही आतले खण गार राहत. गळती लागली की त्या जागी आणखी माती पडे आणि थर वर्षागणिक वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हेच ओझे, मातीत रचलेल्या दगडी भिंतींसह, गणपती विसर्जन आटोपून झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर उरलेली घरे मजबूत करताना छतावरची माती कमी करणे हा एक महत्त्वाचा उपाय ठरला.

फ्लॅटमधले फॉल्स सीलिंग असे ओझे टाकत नाही. ते स्लॅबला टांगलेले असते. तरीही ऊन, पाणी, वजन आणि उंची हे प्रश्न त्यालाही चुकलेले नाहीत. दुर्दैवाने बहुतेक घरांत निवड सुरू होते ती फोटोंपासून.

पहिली तपासणी उंचीची. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट हवी. वातानुकूलित खोलीत फॉल्स सीलिंगच्या खाली निदान २.४ मीटर मोकळे राहायला हवेत. जिप्समचा सांगाडा चार-सहा इंच सहज खातो, एसीचे डक्ट असतील तर त्याहून बरेच जास्त. त्यामुळे नऊ फुटी दिवाणखान्यात भिंतींच्या कडेने दीड-दोन फुटांचा पट्टा करून मधला स्लॅब उघडा ठेवणे हाच शहाणपणा. पंख्यालाही हवा खेळवायला वर जागा मिळते.

पीओपी आणि जिप्सम बोर्ड यांचे मूळ एकच. जिप्समचा दगड सुमारे १५० अंशांवर भाजला की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि पीओपीची भुकटी उरते; पाणी मिसळताच ती पुन्हा घट्ट होते. गोलाई, कंगोरे, नक्षी हवी असेल तर जाळीवर हाताने चढवलेल्या पीओपीला तोड नाही. मात्र कसबी कारागीर आणि वाळायला वेळ हवा. साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड जीआय चॅनलवर स्क्रूने बसतात, सांध्यांवर टेप आणि लांबी भरली की रंगाला तयार होतात. जिप्समच्या वजनात सुमारे एक पंचमांश पाणी बांधलेले असते. आगीत आधी त्याची वाफ होते आणि तोवर बोर्डाची मागची बाजू फारशी तापत नाही. घराच्या सुरक्षेसाठी हा गुण मोलाचा आहे आणि विक्रेते तो क्वचितच सांगतात.

पाण्यापुढे मात्र हेच जिप्सम हार मानते. ओलावारोधक हिरवट बोर्ड दमट हवा सोसतात, गळती नव्हे. मुंबई-कोकणात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराखाली कॅल्शियम सिलिकेट किंवा फायबर सिमेंटचे बोर्ड बरे. पीव्हीसीच्या पट्ट्या पाण्याला दाद देत नाहीत, पण उष्णतेने मऊ पडतात आणि जळताना घातक धूर सोडतात; न्हाणीघरात चालतील, शेगडीवर नकोत. गळती छताआड लपवू नये. आधी ती बंद करावी आणि पाइपांखाली उघडता येणारे झाकण ठेवावे. गच्चीखालच्या घरात आधी कोबा दुरुस्त करून वर उष्णता परतवणारा पांढरा लेप द्यावा, मग छताच्या पोकळीत रॉकवूल घालावे.

वर्ग, क्लिनिक, कार्यालय इथे गणित बदलते. सपाट जिप्सम आवाज परतवते, शिक्षकाचे बोलणे घुमते. दोन बाय दोन फुटांच्या ग्रिडमधल्या मिनरल फायबरच्या टाइल्स आवाज शोषतात, शिवाय वायरिंगसाठी एखादी उचलता येते. दमट हवेत साध्या टाइल्स मध्येच झोळ धरतात, म्हणून खरेदीपूर्वी त्यांची आर्द्रता सोसण्याची क्षमता विचारावी.

काम सुरू असताना शिडीवर चढून एकदा पोकळीत पाहावे. टांगणाऱ्या पट्ट्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसलेल्या हव्यात, डक्टला किंवा पाइपला अडकवलेल्या नकोत. पंख्याचा आणि झुंबराचा हूकही स्लॅबमध्येच हवा. बोर्डावर फक्त हलके दिवे.