लॉर्ड हाउ बेटावरील घंटाफूल

आज ज्या रानफुलाविषयी मी बोलणार आहे, ते जगात एकाच बेटावर आपणहून उगवते. ऑस्ट्रेलियातील पोर्ट मॅक्वारी या किनारी गावाच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरवर लॉर्ड हाउ बेट आहे. तेथील या फुलाचे शास्त्रीय नाव वाह्लेनबर्गिया इन्सुली-हॉवेई. वाह्लेनबर्ग हे स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. उरलेल्या शब्दांचा अर्थ ‘हाउ बेटाची’.

हे घंटाफुलांच्या कुळातील झुडूप नव्हे, तर नाजूक रोप आहे. आपल्या सह्याद्रीतील उंच रानतंबाखू याच कुळातली. लॉर्ड हाउ बेट ज्वालामुखीतून वर आले आणि मुख्य भूमीशी कधीच जोडलेले नव्हते. अर्थात या फुलाचे पूर्वज समुद्र ओलांडूनच तेथे पोहोचले. नवगावच्या किनाऱ्यास लागलेल्या आपल्या पूर्वजांची कथा ऐकत वाढलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

परंतु समुद्रमार्गे संकटेही येतात. १९१८ साली मकाम्बो नावाचे जहाज तेथे खडकावर आदळले व त्यातील उंदीर बेटावर उतरले. पुढे पक्ष्यांच्या पाच जाती तेथून नाहीशा झाल्या. वनस्पतींची बियाणी व कोवळी रोपेही उंदीर खात. १९८२ साली बेटास जागतिक वारशाचा मान मिळाला, पण उंदीर हटविण्याची मोठी मोहीम २०१९ साली झाली.

मी आयुष्यभर परिचारिका होते. संसर्ग पसरल्यावर औषध शोधण्यापेक्षा खाटेजवळ जाण्यापूर्वी हात धुणे सोपे, हे आम्हांस पहिल्याच वर्षी शिकविले जाई. त्या बेटावरही हाच नियम आहे. बुटांना चिकटलेल्या मातीतून परके तण आणि रोगजंतू येतात, म्हणून प्रवाशांनी बूट घासून स्वच्छ करावयाचे असतात. २०१६ साली मर्टल रस्ट हा बुरशीजन्य रोग तेथे आढळला. तो जांभळीच्या कुळातील झाडांस होतो, आपल्या फुलास नव्हे; तथापि भोवतालचे रान आजारी पडले, तर लहान रोपाचा आसरा जातो.

अन्य वनस्पती एका ठिकाणी नष्ट झाली, तरी दुसरीकडून तिचे बी आणता येते. या फुलास रानात दुसरे ठिकाणच नाही. आपल्यापैकी कोणी तेथे सहलीस गेल्यास, सामान भरण्यापूर्वी बुटांचे तळवे अवश्य घासावेत.